आई-वडिलांना घेऊन मुक्तिनाथ: बॅग नंतर भरा, आधी दिवस मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वडील ६८ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. आई ६३ वर्षांच्या, मधुमेह, गोळ्यांवर. भाऊबीज आटोपली की मुंबईहून विमानानं काठमांडू, तिथून बसनं पोखरा, चौथ्या दिवशी जीपनं थेट मुक्तिनाथ, मुक्काम तिथेच, पाचव्या दिवशी परत पोखरा, सहाव्या दिवशी काठमांडू आणि सातव्या दिवशी घरी. तुम्ही विचारलंय की सामान काय न्यायचं, गरम कपडे किती लागतील आणि उंचीच्या त्रासावरची ‘डायमॉक्स’ गोळी सगळ्यांनीच घ्यायची का.

गेली अठरा वर्षं मी नाशिकहून लहान लहान गट नेपाळला नेते, आणि त्यात साठी ओलांडलेलेच जास्त असतात. त्या अनुभवावरून सांगते, सामान हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात सोपा भाग आहे. स्वेटर विसरला तर पोखऱ्यात मिळतो. तुमचं घोडं दोन ठिकाणी अडणार आहे: आईंचं ओळखपत्र आणि तो चौथा दिवस.

ओळखपत्रापासून सुरू करते, कारण ते आजच हातात घ्यावं लागेल. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यामुळेच ‘आधार आहे ना, झालं’ असं धरून चालतात. विमानानं जाणाऱ्या भारतीयाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र असावं लागतं. सूट आहे ती १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना. त्यांना वय आणि ओळख पटवणारं फोटोचं दुसरं ओळखपत्र चालतं, त्यात आधार आणि पॅनही आलं. म्हणजे तुमच्या वडिलांना आधारवर जाता येईल, आईंना नाही. दोघं जोडीनं काउंटरवर उभी राहतात, एकाचं आधार चालतं, दुसरीचं चालत नाही, आणि मग ‘असं कसं?’ म्हणून वाद सुरू होतो. कुटुंब एकत्र असलं तर एकाच्या कागदावर बाकीच्यांचं निभतं, असंही कोणीतरी सांगेल. विमान सुटायला दीड तास उरलेला असताना ते पटवून देण्याची वेळ मी तरी माझ्या माणसांवर येऊ देत नाही.

तुम्ही लिहिलंय की आईंचं मतदार कार्ड ‘जुनं आहे, कुठेतरी असेल’. ते शोधा आणि नाव बघा. आपल्याकडच्या बायकांच्या जुन्या कार्डांवर हमखास घोळ सापडतो: माहेरचं नाव, नवऱ्याच्या नावाचं भलतंच स्पेलिंग, किंवा कोणाचाही वाटेल असा काळवंडलेला फोटो. तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळलं पाहिजे. दुरुस्तीला किंवा नवीन कार्डाला ‘फॉर्म ८’ भरायचा असतो, पण त्याला किती दिवस लागतील यावर भरवसा ठेवून तिकीट काढू नका. माझा सल्ला विचाराल तर आईंचा पासपोर्टच काढा. आणि मूळ कागद जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो नव्हे. झेरॉक्सच्या तीन प्रती आणि पासपोर्ट आकाराचे चार-सहा फोटो वेगळ्या पाकिटात घाला. परवाना, सिमकार्ड असं काही ना काही निघत राहतं.

आता चौथा दिवस. पोखरा आहे साधारण ८०० मीटरवर. मुक्तिनाथाचं मंदिर ३,७०० ते ३,८०० मीटरच्या दरम्यान, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. पहाटे पोखऱ्यात उठून रात्री मंदिराखालच्या रानीपौवा गावात झोपायचं, म्हणजे एका दिवसात तीन हजार मीटर चढायचं. रस्त्यानं ते शक्य झालंय, इतकंच. शरीराला रस्ता झाल्याचं कळत नाही.

उंचीचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो आणि लगेच होत नाही. पोचल्यावर सगळे ठणठणीत असतात, फोटो काढतात, चहा पितात. सहा-बारा तासांनी डोकं धरतं, मळमळतं, झोप लागत नाही. म्हणून महत्त्वाचं असतं ते रात्री कुठे झोपतो. दिवसा वर जाऊन तीन-चार तासांत खाली उतरलात तर बहुतेकांचं निभतं. वरच मुक्काम केलात तर परीक्षा रात्री होते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. वाऱ्यामुळे मुक्तिनाथच्या खालच्या जोमसोमला जाणारं विमान लागोपाठ दोन दिवस रद्द झालं होतं. परतीची तिकिटं ठरलेली, म्हणून ‘दिवस वाचवायला’ मी सगळ्यांना पहाटे पाचला जीपमध्ये बसवलं आणि दिवेलागणीला रानीपौवात नेऊन उतरवलं. गटात एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळ्यात उत्साही. रात्री त्यांचं डोकं दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या. त्यांच्या यजमानांनी पित्त समजून गोळी दिली. एकच्या सुमाराला मी विचारपूस करायला गेले तर त्यांनी मला मुलीच्या नावानं हाक मारली आणि ‘रिक्षा आली का गं?’ असं विचारलं. मी ड्रायव्हरला उठवलं. खालच्या कागबेनी गावापर्यंतचा तो उतार अंधारात उतरताना त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जोमसोमला थोडा फरक पडला, पहाटे आणखी खाली कालोपानी गावाला पोचलो तेव्हा त्यांनी स्वतःहून चहा मागितला. आणि मग मला शाळेतल्या मुलीसारखं झापलं. चूक माझीच होती. तेव्हापासून माझ्या कुठल्याही गटाचा मुक्तिनाथला मुक्काम नसतो, आणि कार्यक्रमात एक कोरा दिवस असतोच असतो.

म्हणून तुम्हाला असं सुचवेन. पोखऱ्याहून जीपनं निघालात तर पहिल्या दिवशी जोमसोमपर्यंतही ओढू नका. बेनी, तातोपानी करत कालोपानीला मुक्काम करा. ते साधारण अडीच हजार मीटरवर आहे आणि समोर धौलागिरी दिसतो. दुसऱ्या दिवशी दोनेक तासांत जोमसोम, २,७०० मीटरच्या आसपास, आणि उरलेला दिवस मार्फा गावात रमतगमत. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर मुक्तिनाथ, दर्शन, दुपारपर्यंत खाली, आणि जमलं तर त्याच दिवशी आणखी उतरून तातोपानी. चौथ्या दिवशी पोखरा. पाचवा दिवस कोरा. लागला नाही तर पोखऱ्याच्या फेवा तलावात होडीची फेरी आहे, सारंगकोटचा सूर्योदय आहे. एवढं सगळं काठमांडूसकट बसवायला दहा दिवस लागतात, फार ओढलं तर नऊ. सातच दिवस हातात असतील तर काठमांडूला पशुपतिनाथाचं दर्शन आणि पोखरा एवढंच करा, मुक्तिनाथ पुढच्या वेळी. हे ऐकायला आवडणार नाही, कारण वडिलांची इच्छा मुक्तिनाथाचीच असणार. मग रजा वाढवा. दिवस आणि दर्शन दोन्ही वाचवण्याच्या नादात मी काय केलं ते वर सांगितलंच आहे.

विमान की जीप, हे आई-वडिलांच्या कंबरेवर आणि तुमच्या स्वभावावर अवलंबून आहे. पोखरा ते जोमसोम विमान वीसेक मिनिटांत नेतं, एका बाजूला अन्नपूर्णा, दुसऱ्या बाजूला धौलागिरी. पण काली गंडकी नदीच्या घळीत साधारण अकराच्या पुढे वारा असा सुटतो की उड्डाणं फक्त सकाळीच होतात, आणि सकाळी ढग असले की त्या दिवशी विमान नाहीच. सामान माणशी पंधरा किलोच्या आसपासच घेतात. जीपला आठ-दहा तास लागतात, काही टप्पे अजून हाडं खिळखिळी करणारे आहेत. विमानानं गेलात तरी जोमसोमला वर जाण्याआधी एक पूर्ण दिवस आणि दोन रात्री काढा, कारण विमानात शरीराला सवय व्हायला वीसच मिनिटं मिळतात. पोखऱ्याहून हेलिकॉप्टरनं थेट मुक्तिनाथ करणारेही आहेत. तासाभरात दर्शन उरकून परततात म्हणून बऱ्याचदा काही होत नाही, पण रक्तदाबवाल्या माणसाला मी ते सुचवत नाही.

रस्त्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. १२ जुलै २०२४ च्या पहाटे, अंधारातच, नारायणगढ–मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली, जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगडीत कोसळली आणि पंचविसाहून अधिक माणसं गेली. वरणगाव-भुसावळकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. तुम्ही जाताय तेव्हा पावसाळा सरलेला असेल. तरीही रात्रीचा प्रवास नाही, ही अट गाडी ठरवतानाच घाला. आणि काठमांडू–पोखरा निदान एका बाजूनं विमानानं करा. बसला दिवस जातो तिथे विमानाला अर्धा तास लागतो.

डायमॉक्सचं. ही गोळी उंचीची सवय लवकर व्हायला मदत करते, हे खरं. पण तिनं लघवी वाढते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तेच काम असतं. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांच्या बाबतीतही आधी विचार करावा लागतो. त्यामुळे ‘सगळ्यांनीच घ्यायची का’ याचं उत्तर इथे मी देणार नाही. वडिलांच्या आणि आईंच्या डॉक्टरांकडे जा, ‘मुक्तिनाथला जातोय, ३,८०० मीटर, दोन-तीन तास’ असं आकड्यासकट सांगा आणि चालू गोळ्यांची यादी पुढे ठेवा. बऱ्याच डॉक्टरांना नुसतं ‘नेपाळला जातोय’ म्हटलं की काठमांडू डोळ्यांसमोर येतं, आणि काठमांडू उंचीनं आपल्या महाबळेश्वराएवढंच आहे. गोळी दिली तरी ती वर मुक्काम करण्याचा परवाना नाही. त्रास वाढला तर खरा उपाय एकच, खाली उतरणं.

आईंसाठी आणखी एक. साखर उतरली तरी चक्कर येते, घाम फुटतो, माणूस गोंधळतो. उंचीच्या त्रासातही माणूस गोंधळतो. म्हणून वर ग्लुकोमीटर हवाच, पण त्या थंडीत तो चुकतो किंवा बंदच पडतो. कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. बॅगेत टाकलात तर ऐनवेळी उपयोगाचा नाही. औषधं दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा.

मंदिरापाशी काय होतं ते डोळ्यांसमोर असू द्या. जीप रानीपौवात थांबते. तिथून मंदिरापर्यंत चढ आणि पायऱ्या, आपल्या चालीनं अर्धा तास, आई-वडिलांच्या चालीनं तास. घोडी मिळतात. वर १०८ धारा आहेत, गोमुखांतून बर्फगार पाणी पडत असतं, आणि समोर दोन कुंडं. लोक धारांखालून पळत जातात, कुंडांत बुडी मारतात, आणि त्यांना बघून वडिलांनाही स्फुरण चढणार. त्यांना आधीच, घरीच सांगा: ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं तरी चालतं. अचानक गार पाणी अंगावर घेतलं की रक्तदाब उसळतो. तिथे गेल्यावर समजावत बसलात तर भांडण होईल, आणि भांडायलाही त्या उंचीवर श्वास पुरत नाही. थोडं खाली ज्वालामाईचं छोटं स्थान आहे. जमिनीतून येणाऱ्या वायूवर ज्योत तेवते, शेजारी पाणी वाहतं, देखभाल बौद्ध भिक्षुणी करतात. गर्दीत बरेच जण ते चुकवतात.

मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतं, त्यामुळे परवाना लागतो. तो पोखऱ्यातच काढून घ्या. सार्क देशांच्या नागरिकांना कमी दर आहे. मघाचे फोटो इथे कामाला येतात.

पैशांचं गणित सोपं आहे: आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. घोळ होतो तो बोलण्यात. दुकानदार ‘पाचशे’ म्हणाला की लगेच विचारा, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. हे न विचारता टॅक्सीत बसलात तर उतरताना कटकट ठरलेली. नोटांबाबत, नेपाळनं २०१८ मध्ये आपल्या शंभरच्या वरच्या नोटांवर बंदी घातली आणि त्यानंतर नियमांत बदल होत आलेत. निघण्याआधी ताजा नियम बघा, पण माझ्या पाकिटात शंभरच्याच नोटा असतात, त्या कुठेच अडत नाहीत. मार्च २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. इंग्रजीत ‘एफ’नं सुरू होणारी ही तिथली फोनपे, आपल्याकडच्या ॲपशी गल्लत करू नका. काठमांडू-पोखऱ्यात त्यानं छान निभतं. वर मुस्तांगात, म्हणजे जोमसोम-मुक्तिनाथच्या जिल्ह्यात, नेटवर्क गेलं की रोखीशिवाय गती नाही. पोखऱ्यातच नेपाळी रोकड घेऊन निघा.

सिम नेपाळ टेलिकॉमचं घ्या, मुस्तांगच्या बाजूला माझा अनुभव त्याचाच बरा आहे. आपलं सिम ओटीपीपुरतं चालू राहू द्या. रोमिंग मुंबईतूनच सुरू करून घ्या. मनगटी घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. मोबाइल आपोआप बदलतो, वडिलांचं घड्याळ बदलत नाही, आणि जोमसोमचं विमान त्यांच्या घड्याळाकडे बघून थांबत नाही.

खाण्याची चिंता करू नका. डाळ-भात-तरकारी सगळीकडे मिळते आणि पुन्हा पुन्हा वाढतात. फक्त मोमो घेताना पाटी वाचा, ‘बफ’ म्हणजे म्हशीचं मांस. घरचा चिवडा, खाकरे, आईंसाठी भाजलेले चणे बरोबर असू द्या. जीपचा रस्ता अडला की जेवणाची वेळ टळते आणि मधुमेहाला ते परवडत नाही. प्यायला ‘तातो पानी’ मागा, म्हणजे गरम पाणी. तातोपानी गावाचं नावही तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवरूनच पडलंय. थर्मास माणशी एक. नेपाळी देवनागरीतच लिहितात हा आपल्या ज्येष्ठांना मोठा आधार वाटतो: ‘औषधि पसल’ अशी पाटी दिसली की ते औषधांचं दुकान, ‘शौचालय’ तर आपलंच. ड्रायव्हरला ‘दाइ’ म्हणा आणि ‘बिस्तारै’ हा शब्द पाठ करा. म्हणजे ‘हळू’.

कपड्यांना खरंच दोन ओळी पुरतात. नोव्हेंबरात जोमसोमला पहाटे पारा शून्याच्या आसपास असतो, म्हणून एका जाड कोटापेक्षा आत थर्मल, वर स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारं जाकीट बरं. कानटोपी, मोजे, गॉगल आणि धुळीसाठी मास्क. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात चामडं चालत नाही, तर वडिलांचा कातडी पट्टा त्या दिवशी हॉटेलवर.

तुमच्या तारखांबद्दल एक शंका आहे. आपल्या भाऊबीजेच्या दिवशीच नेपाळात भाईटीका असते. बहिणी भावांच्या कपाळाला सात रंगांची टीका लावतात, आणि ड्रायव्हर, हॉटेलातली मुलं, सगळे आपापल्या गावी गेलेले असतात. दुसऱ्याच दिवशी पोचलात तर जीप मिळेल, पण तुम्हाला हवा तो अनुभवी ड्रायव्हर मिळेलच असं नाही. चार-पाच दिवस पुढे ढकलता आलं तर आकाशही तसंच निरभ्र असतं आणि माणसंही परतलेली असतात.

विम्याचं राहिलं. ‘नेपाळ म्हणजे काय परदेश?’ म्हणून तो कोणी काढत नाही, आणि घरचा मेडिक्लेम बहुधा सीमेपलीकडे चालत नाही. प्रवास विमा काढा, आधीपासूनचे आजार लपवू नका, आणि किती उंचीपर्यंत लागू आहे व हेलिकॉप्टरनं खाली आणण्याचा खर्च धरलाय का, ही दोन कलमं एजंटाकडून लेखी घ्या.

तर आता क्रम असा: आज आईंचं कार्ड शोधा. या आठवड्यात दोघांना डॉक्टरांकडे न्या. रजा दहा दिवसांची होते का ते बघा. तिकिटं त्यानंतर. डॉक्टर काय म्हणाले आणि किती दिवस हाताशी आले ते कळवा, मग मुक्काम कुठे कसे टाकायचे ते तारखांसकट सांगते.